पाव्हणीची बोळवण

१

दुपारचं गिऱ्हाईक पांगलं, की बसवराजअप्पा दुकानाच्या फळ्या लावायचे. एक फळी मोकळी ठेवायचे. म्हणजे कुणाला वाटावं, मालक आतच कुठंतरी लवंडलेत. मग मुलाचा डबा हातात घेऊन, बिंदुसरा नदीच्या पुलावरून, सावली धरत धरत कॉलेजच्या वाटेला लागायचे. घाई त्यांनी जन्मात कधी केली नव्हती.

दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, सुंठ, वावडिंग. हल्ली दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, आणि गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडं बघायचं, मग अप्पांकडं. एकुलता एक मुलगा मृत्युंजय कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता. पेपरात तेव्हा हळदीच्या पेटंटाची भांडणं छापून येत होती, आणि झाडपाल्यावर काम करणाऱ्या माणसाला एकदम मान आला होता. निजामाच्या वेळच्या दगडी इमारतीतली मागची थंडगार खोली मृत्युंजयला त्यासाठी मिळाली होती. खोलीत सूक्ष्मदर्शक दुर्बीण, काचेच्या पट्ट्या, बाटल्या, आणि भिंतीला लागून लोखंडी मांडणीवर पांढऱ्या उंदरांचे पिंजरे.

मुलगा जेवेपर्यंत अप्पा उंदरांना भिजवलेले हरभरे घालायचे.

"आयुष्यभर दुकानात सापळे लावले," मृत्युंजय घास खाता खाता म्हणायचा, "आता म्हातारपणी पंगत वाढताय."

"ते काळे व्हते," अप्पा म्हणायचे. "हे सरकारी हायेत."

मांडणीच्या वरच्या ओळीला नुसतं पाणी. मधल्या ओळीला पेशी बिघडवणारं विष. खालच्या ओळीला तेच विष, आणि वर एका डोंगरी वेलाचा अर्क. एवढं अप्पांना कळत होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

दसरा झाला त्या आठवड्यातली गोष्ट. खालच्या ओळीत एक मादी होती, शेपटीला जांभळी खूण केलेली. पोट टम्म. तिच्याच बरोबरीची मधल्या ओळीतली कधीच व्याली होती, तिच्या पिल्लांनी डोळेसुद्धा उघडले होते. ही मात्र तशीच.

"तारखा चुकल्या असतील माझ्या," मृत्युंजय म्हणाला.

अप्पांनी मान हलवली. चुकतात तारखा. पण हरभरे घालताना त्यांचा हात पिंजऱ्यातच थांबला. वरच्या ओळीत उरलेल्या कालच्या हरभऱ्यांना मोड आले होते. खालच्या ओळीतले कालचे, परवाचे, त्याच्याही आधीचे हरभरे ओलसर, टपोरे, आत्ता पाण्यातून काढल्यासारखे पडले होते. एकालाही मोड नव्हता. आणि एकही कुणी खाल्ला नव्हता.

२

वेल आला तो श्रावणात.

मृत्युंजयच्या आधी त्याच्या आईची, उमाबाईंची, दोन पोरं पोटातच गेली होती. तिसरा टिकला, म्हणून त्याचं नाव मृत्युंजय. आता सून ईश्वरीचं तसंच चाललं होतं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचवा लागता लागता सगळं संपलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोचं रक्त तपासलं आणि सांगितलं, दोष मृत्युंजयकडं आहे. आईबापाकडून पेशीत जो वारसा उतरतो, त्यातला एक तुकडा मोडून भलत्या जागी बसलाय. मृत्युंजयनं हे घरी जेवताना सांगितलं, वर्गात सांगावं तसं. उमाबाई उठून आत गेल्या. अप्पा ताटातल्या भाकरीकडं बघत राहिले. वारसा कुणाचा, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून मृत्युंजयनं हा ध्यास घेतला. वारसा मोडू न देणारं काही रानात असेल का? लिंबागणेशचा सटवा शेळ्या राखायचा आणि दुकानाला पाला-मुळ्या पुरवायचा. त्यानं सांगितलं, पाली गावाच्या मागं डोंगरात एक वेल आहे. गाभ टाकणाऱ्या शेळीला त्याचं पान घालतात. शेळी मग गाभ टाकत नाही. वेलाला नाव नव्हतं. सटवा त्याला पाव्हणी म्हणायचा.

नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते. ईश्वरीला चौथा सरत आला होता. अप्पा, मृत्युंजय आणि सटवा तिघंही दिवस कलता डोंगरात गेले. झाडाला आदल्या सांजेला आमंत्रण द्यायचं आणि सकाळी येऊन न्यायचं, ही पालामुळीवाल्यांची जुनी रीत. सटवानं वेलाच्या बुडाशी जागा झाडली, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले.

"कुनाच्या नावानं बोलवायची?" त्यानं विचारलं.

"उंदरांच्या," मृत्युंजय स्कूटरला टेकून म्हणाला.

"उंदराला काय दुखतंय?"

"अजून काही नाही. मी दुखवणार आहे."

सटवा हसला नाही आणि हललाही नाही. नावाशिवाय बोलावली, तर ती कुणाकडं जाऊन बसेल ते सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मृत्युंजय घड्याळ बघायला लागला. उजेड चालला होता. शेवटी अप्पाच उकिडवे बसले. तांदूळ उचलून त्यांनी वेलावर टाकले आणि मुलाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले,

"ईश्वरीच्या नावानं ये माय. तिचं जे हाय ते हाय तसं ऱ्हाऊ दे. कायी मोडू न्हाई, कायी हलू न्हाई."

सटवानं ते ऐकलं. मग म्हणाला, "काम झालं की बोळवायला यायचं, अप्पा. ज्यानं बोलवली त्यानंच. खण, नारळ, दहीभात. हितंच, तिच्या बुडाशी. न्हाईतर पाव्हनी बसून ऱ्हाती."

सकाळी वरवरचा वेल कापून पोत्यात भरला. बूड जमिनीतच ठेवलं.

३

दिवाळीच्या तोंडावर मृत्युंजयचा चेहरा उजळला. अप्पा डबा घेऊन गेले, तर त्यानं डब्याकडं बघितलंच नाही, त्यांचा दंड धरून दुर्बिणीशी नेलं.

"डोळा लावा. एक मिटा."

अप्पांना आधी स्वतःची पापणीच दिसली. मग गोल उजेड, त्यात जांभळे ठिपके, आणि ठिपक्यांत दोऱ्याचे बारीक तुकडे सांडल्यासारखे. हा विष घातलेला उंदीर, मृत्युंजय सांगत होता, वारशाचे कसे तुकडे पडलेत बघा. मग त्यानं पट्टी बदलली. हा वेल दिलेला. विष तेवढंच. ठिपके गोल, भरीव, एकही दोरा तुटलेला नाही.

"एकसुद्धा नाही, अप्पा. बाकीच्यांच्या औषधांनी तुटणं थोडंफार कमी होतं, तेवढ्यावर ते आनंदी होतात. माझ्याकडं एकही तुटलेला नाही."

तो कुणाचा विचार करतोय हे अप्पांना कळत होतं. ईश्वरीला मात्र त्यानं अर्काचा थेंब दिला नव्हता; अजून माणसाला द्यायची वेळ आली नाही, असं तो बजावून सांगायचा.

"एकच कोडं आहे," डबा उघडताना तो म्हणाला. "पेशी फुटून दोन व्हायला पाहिजेत. त्याशिवाय वाढ कशी? खालच्या ओळीत मला फुटणारी पेशी दिसतच नाही. बहुतेक अर्क जास्त होतोय."

तेवढ्यात लाइट गेली. पंखा गरगरत थांबला आणि खोलीचे आवाज मोकळे झाले. वरच्या ओळीत खुडखुड, मधल्या ओळीत जाळीवर नखं. खालून काहीच नाही. अप्पा वाकले. उंदीर मेले नव्हते. डोळे उघडे, अंग टवटवीत, आणि सगळ्यांची कूस एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले, एकमेकांना न दिसणारे, पण सगळ्यांचा श्वास एक. इतका सावकाश, की उंदरासारख्या जीवाला तो शोभत नव्हता.

गारव्यानं होत असेल, अप्पांनी मनाशी म्हटलं. भिंती दगडी आहेत.

४

घरात मात्र आनंद होता. पाचवा लागला, सरला, सहावा गेला, आणि ईश्वरीचं काही बिघडलं नाही. उमाबाईंनी कपिलधारला मन्मथस्वामींना नवस बोलला होता. पोट फारसं दिसत नव्हतं, पण काहींचं आतच असतं, असं त्या येईल त्या बाईला सांगायच्या. ईश्वरीला भूक नव्हती आणि अशक्तपणाही नव्हता. दारात बसून ती तांदूळ निवडायची, केबलवरची मालिका बघायची, हसायची.

सटवा त्याच सुमाराला दुकानात आला. पोतं उतरवलं, चहा घेतला नाही.

"बोळवन ऱ्हायली, अप्पा."

अप्पा कागदात सुंठ बांधत होते. त्यांनी पुडी बांधून पुरी केली, दोरा तोडला, मगच बोलले. "बाळंतपन व्हऊ दे, सटवा. येवढं टिकलंय. आता बोळवली आन् कायी झालं तर?"

"पाव्हनीला किती दिस बसवून घ्यायचं?"

"तिला काय कमी हाय का आमच्याकडं?"

सटवानं रिकामं पोतं झटकलं आणि निघून गेला. अप्पांना वाटलं, आपण बरोबर बोललो. सारा जन्म त्यांनी गिऱ्हाइकाला हेच सांगितलं होतं, की गुण येतोय तोवर औषध सोडू नका.

पण त्यानंतरच्याच आठवड्यात डबा ठेवताना टेबलाखाली एक नवं पोतं दिसलं. बाहेरगावच्या एका औषध कंपनीचे लोक जीप घेऊन आले होते. त्यांना जास्त माल पाहिजे होता, आणि वेलाच्या मुळात अर्क जास्त, म्हणून मृत्युंजयनं चार मजूर लावून बूड उकरून आणलं होतं. सगळं? सगळं. खाली खडक लागेपर्यंत.

"मला इचारायचं तरी," अप्पा म्हणाले.

"वेलाला काय विचारायचं अप्पा?"

पोत्याचं तोंड उघडं होतं. मांडीएवढं जाड मूळ, त्याला लाल माती. कुदळ लागलेल्या ठिकाणाहून पाणी पाझरत होतं. अप्पा रोज येत राहिले, संक्रांत जवळ आली, पोत्याखालची फरशी रोज तेवढीच ओली राहिली आणि माती वाळली नाही.

५

ज्या दिवशी बाळंतपण व्हायचं, तो दिवस आला आणि गेला.

डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं. ठोके आहेत, म्हणाले, चांगले आहेत, पण मूल चार-साडेचार महिन्यांचंच दिसतंय. "तारखा चुकल्या असतील तुमच्या." उमाबाई सांगत होत्या की नाही हो, नागपंचमीच्या वेळी चौथा होता, मी स्वतः मोजलेत. डॉक्टर हसले. घरी येताना उमाबाई रिक्षात पुन्हा महिने मोजत होत्या. मृत्युंजय बाहेर बघत होता आणि हाताची बोटं चोळत होता.

संक्रांतीला ईश्वरी अप्पांना वाढायला आली. तिळाची पोळी ताटात ठेवताना तिचा तळवा त्यांच्यापुढं उघडला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

तळव्यावर मेंदी होती. लालभडक, बोटांच्या टोकांना काळपट, मधे चंद्र आणि भोवती ठिपके. कडासुद्धा पुसट झाल्या नव्हत्या.

"मेंदी कवा काढली बाळ?"

"ही? पंचमीची आहे, मामाजी." तिनं हात उलटसुलट करून बघितला, जणू तिलाही आत्ताच आठवण झाली. "लई रंगली औंदा. आणि गंमत सांगू? नखंसुद्धा काढावी लागत नाहीत मला. पंचमीपासून काढलीच नाहीत."

ती हसली आणि तूप आणायला आत गेली. उंबऱ्यापाशी तिची पाठ दिसत होती. अप्पांनी तिच्या श्वासाकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. वर. मग खाली, फार सावकाश. तो ताल त्यांनी रोज दुपारी वाकून बघितलेला होता.

६

अप्पा लिंबागणेशला गेले आणि सटवाला घेऊन डोंगरात आले. पिशवीत खण, नारळ, दहीभात घेतला होता. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सटवा काठी टेकत पुढं चालत होता, मधेच थांबून ऐकायचा.

वेलाच्या जागी खड्डा होता. दोन महिन्यांत डोंगरात कुठल्याही खड्ड्यात माती ढासळते, पाला साचतो, कुसळी उगवते. या खड्ड्याच्या कडा कुदळीनं कापल्या तशाच धारदार होत्या. तळाशी खडक, त्यावर एक पान नाही.

"हितं करू का?" अप्पांनी विचारलं.

"कुनाची? हितं कोन हाय?" सटवा खड्ड्याकडं बघूनच बोलत होता. "बोळवायचं म्हंजी तिला तिच्या घरी सोडायचं. तिचं घरच तुमी टेबलाखाली नेऊन ठिवलंय."

"मग आता?"

"मला काय म्हाईत अप्पा. असं कुनी केलंच न्हाई आजवर." मग वळून तो म्हणाला, "तुमी काय मागितलं व्हतं तिला? ध्यानात हाय का?"

अप्पांच्या ध्यानात होतं. शब्द न शब्द.

"मंग ती खोटी कुठं पडली?" सटवा म्हणाला, आणि अप्पांचा हात धरून त्यांना खाली उतरवू लागला.

७

पिशवी तशीच घेऊन अप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजात गेले. सुट्टीचा दिवस होता, आवारात कुणी नव्हतं. मृत्युंजय स्टुलावर बसला होता, दाढी वाढलेली, कपडे कालचे. टेबलावर पत्र्याचा ट्रे होता आणि ट्रेवर ओल्या कापसाचा थर.

"मी ईश्वरीला काही दिलं नाही, अप्पा," तो म्हणाला. "तुमची शपथ. एक थेंब नाही."

"मला म्हाईत हाय."

"जांभळ्या खुणेची उघडली. पिल्लं बघायची होती."

"मंग?"

मृत्युंजय ट्रेकडं न बघता बोलला. "परवा उघडली, अप्पा. परवा सकाळी."

कापूस हलत होता. मधोमध थोडासा वर यायचा, आणि फार सावकाश खाली बसायचा. खालच्या ओळीतल्या पिंजऱ्यांबरोबर. अप्पांनी कापसाला हात लावला नाही. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, त्याला उठवलं, म्हणाले, जा, तोंडावर पानी मार, चहा पिऊन ये. तो लहान पोरासारखा उठून गेला.

मग अप्पा टेबलापुढं फरशीवर बसले. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. पोत्यातल्या मुळावर हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, पानावर दहीभात वाढला. घर इथं आणलंय ना, मग इथूनच सोडू. एवढाच त्यांचा विचार होता, आणि तो त्यांना खरा वाटत होता.

"माय," ते म्हणाले, "आलीस, ऱ्हायलीस, सांभाळलंस. उपकार झाले. आता..."

कापूस खाली बसला आणि वर आला नाही.

अप्पांनी वाट बघितली. खालच्या ओळीतल्या सगळ्या कुशी खाली गेलेल्या, थांबलेल्या. वरच्या ओळीतली खुडखुडसुद्धा बंद झाली होती, जणू तेही ऐकत होते. अप्पांच्या मनात आलं, योगायोग असेल. मनात आलं, पुढचा शब्द बोलून टाकावा, म्हणजे एकदाचं कळेल. आणि मग डोळ्यांपुढं आलं घराचं दार, मांडीवर सूप घेऊन बसलेली ईश्वरी, आणि तिच्या पदराखाली जे होतं तसंच राहिलं होतं, ते.

जिभेवर आलेला शब्द तसाच राहिला. खोलीत एवढी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"बस," अप्पा म्हणाले. "बस माय. घाई न्हाई."

पोत्याखालून पाण्याचा एक ओघळ फरशीवरून त्यांच्या पायापर्यंत आला. कापूस सावकाश वर उचलला गेला.

घरी आले तर उमाबाई दारातच उभ्या. ईश्वरीला मगाशी काहीतरीच झालं म्हणाल्या. बसल्या जागी एकदम थिजली, ओठ निळे पडले, पोट दगडासारखं झालं, हाका मारल्या तरी ओ नाही. आणि मग आपोआप बरी झाली. आता बघा, तांदूळ निवडत बसलीय.

अप्पा ओट्यावर टेकले. पिशवी रिकामी होती, तरी त्यांनी ती मांडीवर धरून ठेवली.

८

दुपारचं गिऱ्हाईक पांगलं, की बसवराजअप्पा अजून फळ्या लावतात आणि पुलावरून कॉलेजात जातात. वरच्या दोन ओळींचे पिंजरे आता रिकामे आहेत. मृत्युंजयनं ते काम सोडलं; कंपनीची माणसं दोनदा आली आणि मग आली नाहीत. त्या खोलीत तो पाऊल ठेवत नाही. किल्ली अप्पांकडं असते. उंदरांची काळजी घेतात म्हातारे, असं कॉलेजातले लोक म्हणतात, आणि ते चूक नाही. अप्पा जातात, पोत्यापुढं बसतात, दोन शब्द बोलतात, आणि कुलूप लावून येतात. एखाद दिवशी ताप असला तरी जातात. आपल्यामागं हे कोण करील, हा विचार पुलावर येतो आणि पूल संपेपर्यंत सोबत असतो.

परवा नागपंचमी झाली. आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. शेजारची शिवांजली मेंदीची वाटी घेऊन एकेकीचा हात ओढत होती. अप्पा आत खाटेवर पडून ऐकत होते. तिनं ईश्वरीला हाक मारली, ये गं, बस, तुझे हात दे.

"मला नको," ईश्वरी म्हणाली. पदर सावरत ती ओट्यावर आली, पोट तेवढंच, साडेचार महिन्यांचं. तिनं हसून दोन्ही तळवे सगळ्यांपुढं उघडले.

"माझी आहे की अजून."